बाबांनी वडापाव सोडला आणि वजन वाढलं

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं एक पत्र गाजलं. रोजच्या खाण्यात तेल आणि साखर किती दडलेली असते हे दाखवणारे फलक कार्यालयांत आणि संस्थांत लावा, अशी त्यात सूचना होती. बातम्यांमध्ये त्याचं 'समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा' असं झालं. मग खुलासा आला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा छापायचा नाही आणि भारतीय पदार्थांनाच वेगळं काढण्याचा हेतू नाही. तोवर मुंबईत मात्र वडापाववरून दोन तट पडले होते. एक म्हणत होता, कष्टकऱ्याच्या घासावर डोळा ठेवू नका. दुसरा म्हणत होता, या शहराची पोटं सुटली ती यानंच. लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत हा वाद मी आजही ऐकते, आणि दर वेळी वाटतं की दोघेही भलत्याच जागी भांडताहेत.

वडापाव तळलेला असतो आणि मैद्याच्या पावात असतो, हे दादर स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो खाताना माणूस मनात कुठेतरी नोंद ठेवतो, रात्री एक पोळी कमी खातो. खरी काळजी करायला हवी ती ज्यांची नोंदच होत नाही अशा पदार्थांची: 'पौष्टिक', 'डाएट', 'मल्टीग्रेन', 'शुगर फ्री' असं कपाळावर लिहून जे घरात येतात त्यांची. त्यांच्यामुळे वजन वाढतं, आणि वाढलं की दोष खाणाऱ्याच्या माथी येतो. माझा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला अधिक आहे, कारण तसा दोष मी स्वतः एका माणसाला दिला आहे.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. ३१ वर्षं उभ्यानं नोकरी. डेपोबाहेरच्या गाडीवरचे दोन वडापाव हे त्यांचं ठरलेलं खाणं, आणि वजन कधी ७० च्या पुढे गेलं नाही. निवृत्तीनंतर उभं राहणं संपलं, खाणं तेच राहिलं, आणि दोन वर्षांत काटा ७८ वर गेला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. बाबा शिस्तीचे, त्याच दिवसापासून वडापाव बंद. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि दोन मोठे चमचे मध. मग शिवाजी पार्कला फेऱ्या, फेऱ्या झाल्या की बाहेर मोसंबीच्या रसाचा मोठा ग्लास. पोह्यांच्या जागी दुधात म्यूसली. चहातली साखर गेली, पण चहाबरोबर चार डायजेस्टिव्ह बिस्किटं आली. संध्याकाळी फरसाणवाल्याकडचा डाएट चिवडा, आणि रात्री गोड खावंसं वाटलं तर शुगर फ्री म्हणून आणलेले खजूर-सुकामेव्याचे दोन लाडू. पाच महिन्यांनी वजन भरलं ८२. आईनं त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले. मी तोंडावर विचारलं, "बाबा, खरं सांगा, बाहेर खाता ना?" ते काही बोलले नाहीत. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

पुढच्या रविवारी मी, गणपतीत मोदकांसाठी घेतलेला छोटा वजनकाटा काढला आणि बाबांचा एक दिवस मोजून पाहिला. म्यूसलीच्या पाकिटावर एका वेळचं प्रमाण ४० ग्रॅम लिहिलेलं होतं; बाबांची नेहमीची वाटी भरली तर ९० ग्रॅम भरत होतं, म्हणजे सुमारे ३७० कॅलरी, दूध वेगळं. मधाच्या सव्वाशे, रसाच्या साधारण तेवढ्याच. चार बिस्किटं २९०. चिवडा ४० ग्रॅम, १९०. दोन लाडू २४०. बेरीज तेराशेच्या वर गेली, आणि दोन वेळचं जेवण अजून धरलेलंच नव्हतं. पूर्वीचं काय होतं? एक बशी पोहे, दोन वडापाव, साखरेचे दोन चहा. सगळं मिळून हजाराच्या आत. बाबा चोरून काहीच खात नव्हते. आम्ही आणून दिलेलंच खात होते.

यावर पहिलं उत्तर येतं ते असं की हा बाबांचा अतिरेक झाला, पदार्थांचा काय दोष? त्यात तथ्य आहे. प्रमाण सुटलं की काहीही अंगावर येतं. पण प्रमाण सुटतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. तेल कुठलंही असो, ऑलिव्हचं असो की शेंगदाण्याचं, एका ग्रॅमला ९ कॅलरी. गूळ आणि साखर यांच्यात शंभर ग्रॅममागे वीस-तीस कॅलरींचा फरक. खजुराच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक साखरच असते. हे आकडे 'पौष्टिक' या शब्दानं बदलत नाहीत. बदलतो तो आपला हात. साखरेचा चमचा आपण सपाट करतो, मधाचा ओथंबून घेतो. साध्या शेवेची मूठ भरताना हात आखडतो, डाएट चिवड्याला वाटी घेतो. आणि तो चिवडा बऱ्याच दुकानांत मक्याचे पोहे तळूनच केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये स्पष्ट म्हटलं की मधातली आणि फळांच्या रसातली साखर ही वरून घातलेल्या साखरेतच मोजायची, आणि ती सगळी मिळून दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. बाबांच्या पोटात सकाळी आठच्या आत याच्या दुप्पट जात होती, आणि घरात सगळ्यांची समजूत अशी की यांनी साखर सोडली आहे.

रसाबद्दल लोक हळवे होतात. फळातलाच रस, त्यात वाईट काय? फळात वाईट काहीच नाही. पण एक मोसंबी सोलून, बिया काढत खायला पाच-सात मिनिटं लागतात आणि दुसरी खायची इच्छा क्वचितच होते. ग्लासभर रसात तीन-चार मोसंबी जातात, चोथा बादलीत राहतो, आणि ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात जेवणाआधी काहींना अख्खं सफरचंद दिलं, काहींना त्याचा गर, काहींना तेवढ्याच कॅलरींचा रस. अख्खं सफरचंद खाल्लेल्यांनी, आधी काहीच न खाता बसलेल्यांपेक्षा, एकूण सुमारे १५ टक्के कमी कॅलरी खाल्ल्या. रसाला ते साधलं नाही. त्याहून बोलका प्रयोग २०१९ चा, अमेरिकी संशोधक केविन हॉल यांचा. २० माणसांना त्यांनी चार आठवडे संस्थेत ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. ताटात साखर, स्निग्धांश, तंतू यांचं प्रमाण जुळवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातलं अन्न समोर असताना तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं. माणसं तीच, त्यांची इच्छाशक्ती तीच. मग जे बदललं त्याला जाब विचारायचा की खाणाऱ्याला?

दुसरा आक्षेप सुकामेव्याचा, आणि तो मी पूर्ण मान्य करते. बदामात निम्मा भाग स्निग्ध असतो, शंभर ग्रॅमला सहाशेच्या आसपास कॅलरी, तरीही मूठभर सुकामेवा नेमानं खाणारे लोक अधिक लठ्ठ असतात असं अभ्यासांत दिसत नाही. २०१२ च्या एका मोजणीत तर अख्ख्या बदामातल्या जवळजवळ पाव कॅलरी शरीरात मुरतच नाहीत असं आढळलं, कारण चावूनही त्यांच्या पेशी पूर्ण फुटत नाहीत. म्हणजे बदाम चांगलाच. पण बदाम दळून, खजुरात मळून, तुपाच्या हातानं वळलेल्या लाडवाला ही सवलत कशी लागू होईल? बदामाची पुण्याई लाडवाच्या खात्यावर जमा करायची, हीच तर सगळी विक्रीची युक्ती आहे. नाचणीचंही तेच. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भाकरी, आंबील, सत्त्व म्हणून ती उत्तमच. नाचणीचं बिस्किट हातात घ्या आणि घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. माझ्या हातातल्या पाकिटावर पहिला मैदा होता, मग साखर, मग पामतेल. नाचणी चौथी.

आणि हे पाप केवळ कंपन्यांचं, आपलं परंपरेचं खाणं तेवढं निर्मळ, असं म्हणणाऱ्यांनाही थोडं थांबवावं लागेल. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण काही परदेशातून आलेली नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातलं जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात दाण्याचं कूट आणि तूप पडलं की भरल्या बशीत वडापावापेक्षा जास्त कॅलरी सहज होतात. उपवास देवासाठी करावा, मनासाठी करावा, मी स्वतः संकष्टी करते. पण श्रावणात गिरगावात, पार्ल्यात, दादरला फराळी चिवडा, केळ्याचे वेफर्स, राजगिऱ्याच्या वड्या यांच्यापुढे रांगा लागतात तेव्हा त्यातल्या अर्ध्या लोकांच्या मनात 'तेवढंच हलकं खाणं' असतं. हलकं कशानं? 'उपवासाचं' हा आपला जुना 'डाएट' आहे. श्रद्धेनं पदार्थ पवित्र होतो, त्याचं तेल कमी होत नाही.

याचा अर्थ वडापावला निर्दोष सोडून द्या असा मी मुळीच घेत नाही. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल वाईटच, आणि रोज तळलेलं खाणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. पण वडापाव रुळला तेव्हा गिरणगावात पाळीवर आठ तास मागाशी उभं राहणारं शरीर होतं. १९८२ च्या संपानंतर ते शहरच गेलं. तो खाणारा आता सकाळी सात-चौदाची लोकल पकडतो, दिवसभर खुर्चीत बसतो आणि रात्री नऊला घरी येतो. स्वयंपाकाला वेळ नाही, म्हणून तो पाकीट घेतो. तब्येतीची भीती आहे, म्हणून त्यावरचा शब्द वाचतो. ही भीतीच आता बाजारातला सगळ्यात खपणारा माल आहे. ती खोटी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपली अंगकाठी दिसते बारीक आणि आत चरबी साठवते. म्हणून आपल्याकडे चार किलोचा फरकही चार किलोपुरता राहत नाही.

शब्दाच्या भरवशावर खाणं आपल्याला पूर्वी किती महाग पडलं हे याच मुंबईत घडलं आहे. शिवडीच्या कारखान्यात १९३० च्या दशकात वनस्पती तूप बनू लागलं आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. झाडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा घराघरांत होता. रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. आमच्याही गॅलरीत होती. खऱ्या तुपाइतकंच सकस आणि खिशाला परवडणारं, अशी त्याची ओळख. तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवताना ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवून चांगलं कमी करतं, हे १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली ती जानेवारी २०२२ पासून. १९३७ ते २०२२: तीन पिढ्यांच्या पुरणपोळ्या, शंकरपाळ्या आणि करंज्या त्यात झाल्या. लोकांना ते स्वस्तातलं तूप आहे एवढं ठाऊक होतं, हे खरं. पण डब्यात काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं? 'लाइट' सिगारेटही अशाच खपल्या. युरोपीय संघानं २००३ मध्ये आणि अमेरिकेनं २०१० मध्ये तो शब्दच पाकिटावरून काढायला लावला. शब्दानं माणूस फसतो हे कायद्याला कळायला उशीर लागतो, पण कळतं.

आपल्याकडेही कळू लागलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की माल्टच्या आणि तत्सम पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. आठवून पाहा, किती आयांनी किती वर्षं तो डबा घरखर्चातून वाचवून आणला! त्याच वर्षी जूनमध्ये, अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसाच्या खोक्यांवरून '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायचा आदेश निघाला. या मुद्द्यावर एक कळकळीचा आक्षेप असतो: ज्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या साधारण ३५ टक्के मुलांची उंची कुपोषणानं खुंटलेली आहे, तिथे वजनवाढीची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. मला हा आक्षेप खरोखर टोचतो. पण २०१९-२१ च्या ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा आहे, त्याच पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. ही दोन वेगळी घरं नाहीत. मानखुर्दची आई रोजंदारीतून ज्या पावडरीची पुडी घेते, तिच्यात शंभर ग्रॅममागे तीस ग्रॅमहून अधिक साखर असू शकते. त्या पैशात अंडी आली असती, शेंगदाणे आले असते. 'पौष्टिक' हा शब्द गरिबाकडून तर दोनदा वसुली करतो.

राहतो तो शेवटचा आणि सगळ्यात सोज्वळ वाटणारा युक्तिवाद: माहिती पाकिटाच्या मागे छापलेली असते, लोकांनी वाचायला शिकावं. मी वाचते. चष्मा लावून, फोनवर फोटो काढून, तो मोठा करून वाचते. गर्दीच्या वेळी दुकानात हे कोण करणार? शिवाय ती माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत देणं बंधनकारक आहे. मराठीत देणं ऐच्छिक. त्यात 'एका वेळचं प्रमाण' कंपनीनं ठरवलेलं, म्हणजे आकडा छोटा दिसतो. शाकाहाराचा हिरवा ठिपका मात्र आपल्या आजीलाही वाचता येतो, आणि त्यासाठी तिला कोणी शिकवणीला पाठवलं नाही. तसंच एक चिन्ह पाकिटाच्या पुढच्या बाजूला का नको? चिलीनं २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, कॅलरी किंवा संपृक्त स्निग्धांश असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना आळा घातला, आणि जास्त साखरेच्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. आपल्या प्राधिकरणानं २०२२ मध्ये मसुदा आणला तो ताऱ्यांचा. ताऱ्यांत सरासरी निघते. थोडे तंतू, थोडे बदाम घाला, की साखर त्यात लपते. म्हणजे पुन्हा तीच बदामाची पुण्याई. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याचा निकाल लावायला सरकारला तीन महिने दिले, नंतर मुदत वाढवून दिली. माझी मागणी एवढीच आहे की जे ठरेल ते काळ्या शिक्क्यासारखं उघड असावं, पाकिटाच्या तोंडावर असावं, आणि महाराष्ट्रात मराठीतही असावं. ज्या पाकिटावर तो शिक्का बसेल, त्यावर 'पौष्टिक', 'मल्टीग्रेन' असे शब्द छापायची परवानगीच नसावी.

बाबांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, मलाच वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकतंय." आता सकाळी पोहे किंवा भाकरी-भाजी, मोसंबी सोलून, आणि शनिवारी एक वडापाव, बाकड्यावर बसून, सावकाश. परवा बिस्किटं संपली म्हणून त्यांच्याबरोबर प्रभादेवीच्या दुकानात गेले होते. त्यांनी फळीवरचं एक पाकीट उचललं, चष्म्यातून बराच वेळ पाहिलं आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "बाळा, यात साखर किती आहे ते वाचून सांगशील?" मुलानं पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, मोबाइलची बॅटरी लावून शिवणीवरची बारीक अक्षरं शोधली. मागे चार माणसं खोळंबली होती. "काका," तो शेवटी म्हणाला, "मल्टीग्रेन आहे ना, मग चांगलंच असणार."